स्वस्त डीव्हीडी प्लेअर: किंमत आणि मोल

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या रिठदचे एक गृहस्थ हातांत एक काळी चपटी पेटी घेऊन आमच्या ओसरीवर आले. पेटी उघडतांच वरच्या झांकणांत लहानसा पडदा व खालच्या भागांत तबकडी बसविण्याची वाटोळी खांच दिसली. "भाऊ, रिसोडले एक जण नऊशेत देऊन रायला. पाहाले आणलं. घेऊ का नोको घेऊ? पोराचं मोबाईलचं येड तं सुटन?" असा त्यांचा प्रश्न होता. वस्तु जुनी, दुसऱ्याच्या घरांत कांहीं वर्षें राबलेली. किंमत नऊशें रुपये. आणि अपेक्षा मात्र अशी कीं, तिनें नऊ वर्षांच्या मुलाला मोबाईलच्या पाशांतून सोडवावें! आम्हीं त्यांना त्या क्षणीं एवढेंच सांगितलें कीं, दोन दिवस थांबा. प्रस्तुत लेख हें त्या दोन दिवसांच्या विचाराचें फळ आहे. ज्या पालकांपुढें असाच प्रश्न उभा असेल, व ज्या विद्यार्थ्यांना आपल्या माळ्यावर पडलेल्या अशा पेटीविषयीं कुतूहल असेल, त्यांच्यापुढें तो ठेवीत आहों.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच कीं, असें एक यंत्र आमच्याही घरीं होतें. २०१० च्या दिवाळींत सोयाबीन विकून आल्यावर वडिलांनीं तें ३,६०० रुपयांस आणलें. त्या हंगामांत पिवळ्या सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला १,४४० रुपये होता. म्हणजे त्या भावानें अडीच क्विंटल धान्य देऊन ती पेटी घरांत आली. अडीच क्विंटल म्हणजे काय, हें ज्यानें सुडी लावली आहे आणि हडंब्यापुढें उभें राहून भुसा अंगावर घेतला आहे त्याला सांगावयास नको. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. त्या हिशेबानें तेवढेच रुपये उभे करण्यास अडुसष्ट किलो पुरे होतात. यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत येईल. वस्तु स्वस्त कीं महाग हें तिच्यावर चिकटविलेल्या कागदावरून ठरत नाहीं, घेणाऱ्याच्या घरांतून त्या बदल्यांत काय बाहेर गेलें यावरून ठरतें. आमच्या आईच्या मतें त्या दिवाळींत आमच्या घरांतून न्हाणीघराचें दार बाहेर गेलें होतें, कारण तें त्या पैशांतून व्हावयाचें होतें, आणि पुढें दोन वर्षें तेथें पोत्याचा पडदाच राहिला.

मग वडिलांनीं तें घेतलें कां? त्याचें कारण भारनियमन. त्या काळीं विदर्भांतील खेड्यांत वीज दिवसांतून कित्येक तास नसे, आणि ज्या वेळीं माणसें शेतांतून परतून हातपाय धुऊन बसत, नेमकी त्याच वेळीं नसे. घरांत टीव्ही होता. पण तो संध्याकाळीं केवळ आपलें तोंड पाहण्याच्या उपयोगाचा. अशा स्थितींत आपल्या पोटांत स्वतःची बॅटरी बाळगणारा, कोठेंही उचलून नेतां येणारा पडदा ही मोठी नवलाईची वस्तु वाटली यांत आश्चर्य नाहीं. डीव्हीडीची पद्धति जपानांत १९९६ च्या नोव्हेंबरांत प्रथम बाजारांत आली, आणि पॅनासोनिक कंपनीनें हातांत धरतां येईल असा पहिला प्लेअर १९९८ सालीं काढला. त्या वेळीं ती श्रीमंतांची चैन होती. पुढें बारा वर्षांत तिची नक्कल, आणि नकलेचीही नक्कल, रिसोडच्या बाजारांत एका फळकुटावर येऊन बसली.

खोक्यावर काय काय लिहिलें होतें! 'ईव्हीडी' हीं तीन अक्षरें सर्वांत मोठीं. चीनमध्यें या नांवाची एक निराळी तबकडीपद्धति २००३ सालीं जाहीर झाली होती व ती फारशी चालली नाहीं. आमच्या खोक्यांत होता तो साधा डीव्हीडी प्लेअर. मग टीव्ही, रेडिओ, खेळ, आणि तांबड्या-निळ्या कागदी चष्म्यांतून त्रिमितीचा चमत्कार. यांपैकीं टीव्हीची दांडी रिठदांत मुंग्यांखेरीज कांहीं पकडूं शकली नाहीं, चष्मा आठवड्यांत फाटला, आणि खेळ आमच्या धाकट्या भावानें जेवढे खेळले तेवढ्यानें दोन बटणांचा रंग उडाला. रेडिओ मात्र चांगला वाजे. पण रेडिओसाठीं अडीच क्विंटल कोण देतो? ज्या वस्तूच्या खोक्यावर गुणांची यादी फार लांब असते, तिच्या मुख्य गुणाविषयीं शंका घ्यावी, असें आमचें मत तेव्हांपासून झालें आहे. ज्या दुकानांतून ती आणली त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तें दुकान तसें होतें आणि बाकीचीं निराळीं होतीं, असेंही नाहीं.

आतां मुख्य गुणाकडे, म्हणजे चित्राकडे वळूं. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सात इंच, म्हणजे सुमारें साडेपंधरा सेंटिमीटर रुंद व पावणेनऊ उंच. आपलें टपालखात्याचें पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद असतें. म्हणजे आम्ही अडीच क्विंटल सोयाबीन देऊन एक हलतें पोस्टकार्ड घेतलें होतें. तें दोघांना छान दिसे, तिघांना बरें दिसे, चवथ्याला मान तिरपी करावी लागे आणि पांचवा भांडण करी.

पण आकारापेक्षां महत्त्वाची गोष्ट बारकाईची. आपल्याकडील पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रांत आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदु नोंदलेले असतात. आमच्या पडद्यावर आडवे ४८० व उभे २३४, म्हणजे १,१२,३२० बिंदु होते. तबकडींत जेवढें चित्र होतें त्याच्या चौथाईहून किंचित् अधिक तेवढें डोळ्यांपर्यंत पोंचत होतें. उरलेलें यंत्र वाटेंतच गिळून टाकी. विक्रेत्याच्या कागदावर मात्र ३,३६,९६० असा भक्कम आंकडा होता. ही लबाडी कीं चातुर्य तें वाचकांनीं ठरवावें. पण त्यांतली मेख अशी कीं, प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा व निळा अशा तीन ठिपक्यांचा असतो, आणि कागदावर ते तिन्ही वेगळे मोजलेले होते. घरांत माणसें चार, पण हात-पाय मोजून सोळा सांगावीं, तसला हा हिशेब. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं ४८० ला २३४ नें गुणून आणि मग तिहींनीं गुणून हा आंकडा स्वतः पडताळून पहावा. बाजारांत जाण्यापूर्वी करण्यासारखी ती चांगली उजळणी आहे.

यांतून एक गमतीचा निष्कर्ष निघतो, जो आम्हांला फार उशिरां कळला. जुन्या व्हीसीडी तबकडीवर एका चित्रांत ३५२ गुणिलें २८८, म्हणजे १,०१,३७६ बिंदु असतात. आमच्या पडद्याची एकूण ऐपत जवळजवळ तेवढीच! म्हणजे त्या पडद्यावर व्हीसीडी लावली काय आणि डीव्हीडी लावली काय, सामान्य डोळ्यांना फारसा भेद कळूं नये. २००७ सालीं मोझर बेअर कंपनीनें चोरट्या तबकड्यांशीं टक्कर देण्यासाठीं व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास आरंभ केला होता. मोठ्या टीव्हीवर ते सहा रुपये सार्थकीं लागत. आमच्या पोस्टकार्डावर ते वायां जात. तरी एक सोय होती खरी. व्हीसीडीवर चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागलेला असे व ऐन रंगांत उठून तबकडी बदलावी लागे. डीव्हीडीवर तो अखंड मावे. आजी म्हणे, सहा रुपये तबकडी बदलणाऱ्याची मजुरी समजा.

आजीचें नांव आलें म्हणून ती हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण यंत्राच्या बॅटरीविषयीं आमचें जें कांहीं ज्ञान आहे तें तींतूनच आलें आहे. आजीनें लहानपणीं जत्रेच्या तंबूंत प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला होता. १९३६ चा तो चित्रपट, दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस यांची मुख्य भूमिका असलेला, आणि दुसऱ्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव पावलेला. तो पुन्हां एकदां पाहावा अशी तिची इच्छा होती, आणि खरें पाहतां पेटी घरांत येण्याचें तेंच निमित्त होतें. तबकडी मिळाली. पहिल्या संध्याकाळीं सर्वजण सरसावून बसलों. आरंभींच एक विघ्न आलें. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते आणि हा पडदा लांबोळका. यंत्रानें चौरस चित्र ओढून लांबोळकें केलें. तुकोबा, जे उपासतापासांनीं वाळलेले दिसावयाचे, ते आडवे वाढून एकाद्या सुखवस्तु सावकारासारखे दिसूं लागले. पुढें बटणें दाबतां दाबतां चौकट मूळ मापाची ठेवण्याची सोय सांपडली व ते पूर्ववत् झाले. पण पडद्याच्या दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या आल्या व आधींच लहान असलेलें चित्र आणखी लहान झालें.

खरें विघ्न पुढेंच होतें. खोक्यावर बॅटरी तीन तासांची लिहिली होती. चित्रपट सुमारें १३१ मिनिटांचा. आणि आमची बॅटरी, नवी कोरी, पुरती भरलेली असतांनाही, एक तास पन्नास मिनिटांत मावळे. परिणाम असा झाला कीं, पहिल्या दिवशीं वैकुंठगमनाच्या कितीतरी आधीं पडदा काळा झाला. दुसऱ्या खेपेस तेंच. तिसऱ्या खेपेस प्रकाश कमी करून पाहिला तेव्हां सातआठ मिनिटें अधिक मिळालीं, तुकोबा मात्र इहलोकींच राहिले. मधूनच पुढला भाग लावतां आला असता. परंतु आजीला तें मान्य नव्हतें. देवाचें चरित्र मधून कसें पाहावयाचें, असा तिचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हतें. महिनाभर शेजारणी तिला पाण्यावर भेटल्या म्हणजे विचारीत, "काहो, तुकोबा वैकुंठाले गेले का नाई अजून?"

अखेर काकांनीं तोड काढली. यंत्राच्या पाठीवर, जेथें भिंतीवरच्या विजेची पिन खोंचतात तेथें, बारा व्होल्ट अशी खूण होती. आणि ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टांचीच असते. गांवांतल्या एका मिस्त्रीकडून योग्य पिनेची वायर करून घेतली, धन व ऋण टोंकें दोनदां तपासलीं, ट्रॅक्टरचें इंजिन बंदच ठेवलें (चालू इंजिनावर व्होल्ट वाढतात), आणि एका अमावास्येला वाड्यांत, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पेटी ठेवून, आजीनें 'संत तुकाराम' अथपासून इतिपर्यंत पाहिला. वैकुंठगमन झालें तेव्हां तिनें हात जोडले आणि घरांत जाऊन निजली. दुसरें कांहीं बोलली नाहीं.

या प्रसंगामुळें आम्ही पक्षपाती झालों आहों हें कबूल केलें पाहिजे. तरी त्यांतून दोन रोकडे नियम निघतात. एक, बॅटरीचा जो अवधि खोक्यावर लिहिला असेल त्यांतून तिसरा हिस्सा वजा करावा, आणि आपल्या घरांतला सर्वांत लांब चित्रपट त्यांत बसतो कीं नाहीं तें पाहावें. दुसरा, पाठीवरची व्होल्टची खूण वाचावी. बारा व्होल्ट असेल तर त्या यंत्राला गांवांत दहा ठिकाणीं आश्रय आहे. कांहीं यंत्रांवर नऊ व्होल्ट असतें, तीं अशा बॅटरीस जोडूं नयेत. मुलांनीं हा उद्योग वडीलधाऱ्यांवांचून करूं नये, हें सांगणें नलगे.

लिथियमची बॅटरी वापरली तरी झिजते आणि न वापरली तरी वयानें थकते. उन्हाळा तर तिचा वैरीच. वाशिमकडील वैशाखांत पत्र्याच्या घरांत ठेवलेली आमची बॅटरी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पाऊण तासावर आली. तिच्या मापाची दुसरी कोठेंच मिळेना, कारण यंत्र बनविणाऱ्यानें ती आपल्याच एका विचित्र घाटाची केली होती. स्वस्त वस्तूचा हा मोठा दुर्गुण आहे, आणि तो घेते वेळीं दिसत नाहीं. ती बिघडते हें तितकें वाईट नव्हे. महाग वस्तूही बिघडतात. तिला भाऊबंद नसतात हें वाईट. सुटा भाग मागावयास गेलें असतां दुकानदार विचारतो, कोणत्या कंपनीचा? आणि आपल्यापाशीं सांगावयास नांव नसतें, किंवा असतें तें एका थोर कंपनीच्या नांवांतील एक अक्षर बदलून केलेलें असतें.

धुळीचें थोडें सांगतों. डीव्हीडीवर माहितीची जी नागमोडी रेषा कोरलेली असते तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही पाऊण हिश्शाएवढें, म्हणजे ०.७४ मायक्रॉन असतें. माणसाच्या एका केसाच्या जाडींत असे सुमारें शंभर वेढे मावतील. त्या रेषेवरून तांबड्या लेझरचा किरण एका मसुरीएवढ्या भिंगांतून नेमका फिरवावयाचा असतो. टेबलावर ठेवावयाच्या प्लेअरमध्यें तबकडी एका खणांतून आंत जाते व भिंग नेहमीं झांकलेलें राहतें. फिरत्या प्लेअरमध्यें झांकण उघडलें कीं भिंग उघडें. आणि आम्ही तें झांकण मळणीच्या दिवसांत अंगणांत उघडीत असूं! पहिल्याच हंगामानंतर चित्र अडखळूं लागलें. कापसाच्या बोळ्यानें भिंग पुसून कांहीं महिने निघाले. पुढें रिसोडला साडेतीनशें रुपये देऊन भिंगाचा सबंध भाग बदलावा लागला. यांत दोष धुळीचा कीं आमचा, याविषयीं घरांत अद्याप दोन पक्ष आहेत.

२०१३ च्या पावसाळ्यांत यंत्र गेलें. भिंग चांगलें होतें, मोटर चांगली होती. पडदा ज्या बिजागरीवर फिरतो तिच्यांतून जाणारी कागदासारखी चपटी वायर तुटली, आणि पडदा पांढरा झाला तो झालाच. खर्चाची बेरीज अशी: यंत्र ३,६००, दुरुस्ती ३५०, तबकड्या सुमारें १,३००, एकूण ५,२५०. आठवड्याला सरासरी तीन तास पाहिलें असें धरलें तर अडीच वर्षांत ३९० तास होतात; म्हणजे तासाला साडेतेरा रुपये. पाहणारे तीन धरले तर माणशीं साडेचार. आंकडे वाईट नाहींत. रिसोडला जाऊन चित्रपट पाहावयाचा तर एस. टी. चें भाडेंच त्याहून अधिक पडे. पण हा हिशेब मांडतांना आमचें आम्हांलाच हंसूं येतें. त्या ३९० तासांत भावाचे मारामारीचे चित्रपट आहेत, जे त्यानें प्रत्येकीं सहासहा वेळां पाहिले आणि ज्यांतला एकही आज त्याला आठवत नाहीं; आणि त्यांतच वाड्यांतले ते सव्वादोन तासही आहेत. दोहोंचा भाव साडेतेरा रुपयेच लावावयाचा काय?

हिशेबांत एक रकम आम्हीं धरली नाहीं, ती लाजेमुळें. आमच्या तबकड्यांपैकीं निम्म्याहून अधिक जत्रेंतल्या होत्या. एका तबकडींत पांच चित्रपट, वीस रुपयांस. त्या चोरट्या होत्या हें आम्हांला माहीत होतें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ज्यानें चित्रपट केला त्याच्या हातीं त्यांतला एक पैसाही जात नव्हता हें खरेंच होतें. यंत्र स्वस्त पडलें असें आम्ही म्हणत होतों, त्यांतली कांहीं स्वस्ताई दुसऱ्याच्या खिशांतून आलेली होती.

उलट बाजूनें एक गुण सांगावयास हवा, जो केवळ स्वस्त यंत्रांतच आढळे. डीव्हीडी काढणाऱ्यांनीं जगाचे विभाग पाडले आहेत. हिंदुस्थान पांचव्या विभागांत आणि अमेरिका पहिल्यांत. थोर कंपन्यांचे प्लेअर परक्या विभागाची तबकडी नाकारीत. अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या एका आप्तानें मुलांसाठीं पाठविलेली प्राण्यांची तबकडी शेजारच्या महागड्या प्लेअरनें ओळख न दाखवितां परत केली. आमच्या नांवगांव नसलेल्या पेटीनें ती मुकाट्यानें लावली. गरिबाच्या घरीं पाहुण्याला जातगोत विचारीत नाहींत, तसेंच कांहीं हें झालें.

आतां आजचा प्रश्न. मोबाईलऐवजीं हें यंत्र मुलाच्या हातीं द्यावें काय? चित्राचीच तुलना करावयाची तर ती होऊंच शकत नाहीं. आजच्या साध्या मोबाईलचा पडदा आमच्या त्या पोस्टकार्डापेक्षां कित्येक पटींनीं स्वच्छ असतो. तबकडीयंत्राच्या बाजूनें बोलण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. तबकडी संपते. चित्रपट संपला कीं यंत्र पुन्हां पहिल्या पानावर येऊन थांबतें व काय करावें तें माणसाला विचारतें. मोबाईलवर एक चित्र संपण्याच्या आंत दुसरें आपण होऊन सुरू होतें. तेथें थांबण्याचें काम पाहणाऱ्यानेंच करावयाचें असतें, आणि तें मोठ्यांनाही साधत नाहीं तें नऊ वर्षांच्या मुलाला कसें साधावें? शिवाय तबकडी कोणती आहे तें बापाला तिच्या वेष्टणावरून कळतें. ती मुलाला दुसऱ्या मुलाला उसनी देतां येते. आणि ती आपल्याविषयीं कोणालाही कांहीं कळवीत नाहीं.

इतकें असूनही मुलाचा मोबाईल सुटावा म्हणून हें यंत्र घेणें आम्हांला व्यर्थ वाटतें. मूल मोबाईलकडे केवळ चित्रांसाठीं जात नाहीं. त्याचे सोबती त्यावर आहेत, त्याचे खेळ त्यावर आहेत, २०२० सालीं शाळा बंद पडल्या तेव्हां त्याची शाळाही त्यावरच भरली होती, आणि घरांतलीं मोठीं माणसें तर रात्रंदिवस त्यावर आहेत. बाप बाजारभाव पाहण्याच्या निमित्तानें तासभर मोबाईल कुरवाळीत बसणार आणि मुलाला म्हणणार, तूं ही पेटी पाहा! मूल इतकें भोळें नसतें. चारपांच वर्षांच्या मुलासाठीं, दोन चांगल्या तबकड्या व आईबापांपैकीं कोणी जवळ बसलेलें, अशा स्थितींत तें उपयोगी पडेल. नवव्या वर्षीं नाहीं. त्यांत पुन्हां या यंत्राचें अन्न आटत चाललें आहे. मोझर बेअर कंपनी २०१८ सालीं दिवाळखोरींत निघाली. अमेरिकेंत नेटफ्लिक्सनें घरपोंच डीव्हीडी पाठविण्याचा आपला मूळचा धंदा २०२३ च्या सप्टेंबरांत बंद केला. नव्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या आतां बाजारांत शोधूनही क्वचित् मिळतात. ज्या गाईला पुढें चारा मिळणार नाहीं ती नऊशें रुपयांसही घेऊं नये, असें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं.

मग हें यंत्र कोणाच्या कामाचें? आमच्या मतें, ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या आहेत त्यांच्या. आणि त्या कोणाच्या घरीं नाहींत? २००० नंतरच्या दहापंधरा वर्षांत जीं लग्नें झालीं त्यांच्या तबकड्या गांवोगांवच्या फोटो स्टुडिओंनीं करून दिल्या. त्या आज कपाटांत पत्रिकेशेजारीं पडून आहेत व लावावयास यंत्र नाहीं. आमच्या आत्याच्या लग्नाची २००८ सालची तबकडी आहे. तींत आजी अक्षता टाकतांना दिसते. कॅमेरा आपल्याकडे वळल्याचें ध्यानांत येतांच ती पदर पुढें ओढते आणि कोणाला तरी हातानें "जा, जा" म्हणते. सारें मिळून अर्धें मिनिट. ती जिवंतपणीं हलतांना दिसेल असें दुसरें चित्र आमच्यापाशीं नाहीं. घरीं लिहिलेल्या तबकडींत माहिती एका रंगाच्या थरांत साठविलेली असते, आणि ऊन व उष्णता यांनीं तो थर हळूहळू बिघडतो. कारखान्यांत ठशानें उठविलेल्या तबकडीइतकी ती टिकाऊ नसते. म्हणून आमची पालकांना विनंती आहे कीं, यंत्र घ्या अथवा शेजाऱ्याचें मागून आणा, पण त्या तबकड्या एकदां लावून पाहा, आणि ज्या चालतात त्यांची नक्कल स्टुडिओंतून पेनड्राइव्हवर, शक्य तर दोन ठिकाणीं, करून ठेवा. हें काम पुढल्या दिवाळीवर टाकण्यासारखें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं ते गृहस्थ आले तेव्हां आम्हीं हें सर्व त्यांना सांगितलें आणि परीक्षेसाठीं त्यांच्याबरोबर रिसोडला गेलों. विकणाऱ्यानें रिवाजाप्रमाणें चित्रपटाचा आरंभ लावून दाखविला. तबकडी मध्यापासून कांठाकडे वाचली जाते, आणि थकलेलें भिंग अडखळतें तें बहुधा कांठाशीं. म्हणून आम्हीं आमची 'संत तुकाराम' काढून तिचा शेवटचा भाग लावला. तुकोबा विनासायास वैकुंठास गेले. बिजागरी दहा वेळां फिरविली, पडदा पांढरा झाला नाहीं. बॅटरी वीस मिनिटांत बसली, त्याबद्दल दोनशें रुपये कमी करून घेतले, आणि सातशें रुपयांस सौदा झाला.

मुलगा पहिले दोन दिवस त्या पेटीपुढें बसला आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां मोबाईल मागूं लागला, असें ते परवां भेटले तेव्हां सांगत होते. पेटी मात्र त्यांनीं परत केलेली नाहीं. त्यांच्या आईनें ती आपल्या खाटेच्या उशाशीं ठेवून घेतली आहे. आणि आमची तबकडी त्या दिवशीं तींत राहिली ती अद्याप परत आलेली नाहीं.